एकाच टायमरचे तीन नोड लिहावेत का?

आपण विचारले आहे की, एकच हार्डवेअर टायमर पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल), एन्कोडरची (शाफ्ट किती फिरला हे सांगणाऱ्या भागाची) मोजणी आणि एडीसीचा (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागाचा) ट्रिगर ही तिन्ही कामे करत असेल, तर डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर कोणते हार्डवेअर आहे हे लिनक्सच्या कर्नेलला (गाभ्याला) सांगणाऱ्या वर्णनात, त्याचे तीन स्वतंत्र नोड (नोंदी) लिहावेत की एक, आणि सिस्टिमच्या घड्याळासाठी राखायचा टायमर कसा दर्शवावा.

नोड एकच लिहावा. रजिस्टरांचा (टायमर चालवणाऱ्या हार्डवेअरमधल्या कप्प्यांचा) पत्ता आणि क्लॉक (टायमरला मोजणीसाठी मिळणारे ठोके) त्या नोडवर असावेत आणि तिन्ही कामे त्याच्या पोटात उपनोड म्हणून यावीत. एसटीएम३२ या चिपांसाठी लिनक्समध्ये २०१७ सालच्या ४.११ आवृत्तीपासून हीच पद्धत आहे. चिपच्या फाइलमध्ये सगळे उपनोड बंद ठेवतात आणि बोर्डाच्या फाइलमध्ये ज्याची वायर प्रत्यक्षात जोडलेली आहे तेवढेच चालू करतात.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावरून भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात माझा माझ्या वरिष्ठांशी दोन महिने वाद चालला होता. उपकरण साधे होते: तापणाऱ्या प्लेटची चाचणी घ्यायची, एडीसीने ठरावीक वेगाने नमुने घ्यायचे आणि पंख्याने प्लेट थंड करायची. नमुन्यांचा ट्रिगर आणि पंख्याचा पीडब्ल्यूएम एकाच टायमरवर होते. वरिष्ठांनी एकाच पत्त्याचे दोन नोड लिहिले आणि दोन्हींसाठी घरचेच ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) बसवले. दुसऱ्या ड्रायव्हरने पत्त्यांचा तोच पट्टा मागितला तेव्हा कर्नेलने तो द्यायचे नाकारले, तर साहेबांनी मागणीची ती ओळच काढून टाकली. मी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, “अहो, ट्री आपल्या सोयीसाठी असते, पुस्तकी बोलू नका.”

उपकरण नीट चालत होते, कारण दोन्ही ड्रायव्हर २५ किलोहर्ट्झच मागत होते. मग ऑपरेटरने पडद्यावरून नमुन्यांचा वेग ५ किलोहर्ट्झ केला आणि पंखा शिट्टी वाजवू लागला. २५ किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, ५ चांगलेच ऐकू येते. पण खरा धोका आवाजाचा नव्हता. टायमरला २०० मेगाहर्ट्झचे क्लॉक आहे असे धरल्यास २५ किलोहर्ट्झसाठी मोजणीची मर्यादा ८,००० येते आणि ५ किलोहर्ट्झसाठी ४०,०००. ही मर्यादा सगळ्या चॅनलांना सामायिक असते. पंख्याच्या चॅनलचा तुलना-आकडा (मोजणी तिथे पोहोचेपर्यंत सिग्नल चालू राहतो) मात्र ४,००० वरच राहिला, त्यामुळे ५० टक्क्यांची ड्यूटी, म्हणजे सिग्नल चालू असण्याचा वाटा, १० टक्क्यांवर आली, पंखा मंदावला आणि प्लेट तापत राहिली. दोष पंख्यावर ढकलला गेला, पुण्याच्या तापकीर गल्लीतून तीन नवे पंखे आणून झाले आणि तिघांनीही तितक्याच इमानाने शिट्टी वाजवली.

कर्नेलच्या मूळ ड्रायव्हरांनी हे घडूच दिले नसते. त्यातला ट्रिगरचा ड्रायव्हर टायमर सुरू करण्यापूर्वी एखादे चॅनल चालू आहे का हे रजिस्टर वाचून पाहतो आणि असल्यास नकार देतो. पीडब्ल्यूएमचा ड्रायव्हरही दुसरे चॅनल चालू असताना वेगळा पिरियड (एका आवर्तनाचा वेळ) स्वीकारत नाही. सिलिकॉनमध्ये मोजणारा एकच आहे, म्हणून ट्रीमध्येही एकच दिसला पाहिजे. सोय पाहायची असेल तर ती ड्रायव्हरमध्ये पाहावी. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असाही होतो की उपनोड तीन लिहिले तरी तिन्ही एकाच वेळी चालणार नाहीत. एन्कोडर मोडमध्ये मोजणी शाफ्टच्या हालचालीवर चालते, मग त्याच टायमरवरून पीडब्ल्यूएम कसला घेणार?

सिस्टिमच्या घड्याळाबद्दल थोडक्यात: ते घड्याळ नेहमीच्या ड्रायव्हरांच्या बऱ्याच आधी सुरू व्हावे लागते, म्हणून वरची रचना तिथे जशीच्या तशी चालत नाही. ॲटमेलच्या तीन चॅनलांच्या टायमर ब्लॉकमध्ये घड्याळासाठी वेगळा उपनोड लिहून त्यात चॅनलचा क्रमांक देतात. कॉर्टेक्स-ए७ सारख्या प्रोसेसरमध्ये स्वतःचा टायमर असतो, त्यामुळे तिथे बहुधा हा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) एएम३३५एक्स चिपमध्ये टायमरवरून घेतलेल्या पीडब्ल्यूएमचा नोड खरोखरच वेगळा असतो. पण त्याला स्वतःचा पत्ता नसतो. तो फक्त टायमरच्या नोडकडे बोट दाखवतो. आमच्या वरिष्ठांनी हेच उदाहरण माझ्यापुढे ठेवले होते आणि पत्त्याची गोष्ट सोयीस्करपणे गाळली होती. शेवटी दोन्ही नोड त्यांनीच एकत्र केले. त्या बदलाची नोंद मात्र “पंख्याचा आवाज कमी केला” अशी केली.