लाकडी कडांचा सर्फबोर्ड घेताना

मित्रा, लाकडी कडा बघून भुललास, यात नवल नाही. पण बोर्ड भिंतीवर टांगायचा नाहीये, लाटेवर न्यायचाय! म्हणून आधी आकार बघ: शिकताना ८ ते ९ फूट, रुंद आणि जाड. छोटा बोर्ड देखणा असतो, पण नवख्याला पाठीवर घेत नाही.

नेहमीच्या फोम बोर्डात लाकडी पट्टी मधोमध असते. इथे लाकूड दोन्ही कडांना जातं, त्यामुळे बोर्ड वाकला तरी चटकन सरळ होतो आणि कडेवरचा मार लाकूड झेलतं. कडांच्या लाकडांपैकी बाल्सा हलकं, पण भारी तहानलेलं. पाउलोनिया पाणी कमी पितं. मी पाउलोनियाच घेईन.

आत बहुधा ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम असतो. दुरुस्तीला इपॉक्सी रेझिनच (कडक होणारा चिकट द्रव) वापर, पॉलिएस्टर रेझिनने तो विरघळतो. तडा दिसला की लगेच पाण्याबाहेर ये. ‘एकच लाट अजून’ म्हणू नकोस, ती एक कधीच नसते! बोर्ड पूर्ण वाळव, मगच बुजव.

जुना घेत असशील तर लाकूड-फोमच्या सांध्यावरून अंगठा दाबत जा. कुठे मऊ लागलं, तर सोडून दे. आणि तापलेल्या गाडीत बोर्ड ठेवू नकोस, थर सुटतात.