डावा हात ब्रेक शोधतो तेव्हा

प्रश्न : माझं वय 52, उंची पाच फूट एक इंच. पंचवीस वर्षं स्कूटर चालवतेय, गिअरची गाडी कधी हातात घेतली नाही. मागच्या महिन्यात पुतण्याच्या एक्सपल्स मोटरसायकलवर मागे बसून डोंगरातल्या कच्च्या वाटेनं गेले, आणि तेव्हापासून ती स्वतः चालवायची ओढ लागलीय. मुलगा म्हणतो, "आई, हे वय आहे का?" मला जमेल का? सुरुवात कशी करू?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : जमेल, ताई. मी 49व्या वर्षी शिकले, तीही तुमच्यासारखीच वर्षानुवर्षं स्कूटरवर काढून. म्हणून वयाचं नंतर, आधी तुमच्या डाव्या हाताचं बोलू.

स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, मोटरसायकलवर त्याच जागी क्लच, म्हणजे आवळला की इंजिन चाकापासून सोडवणारा लिव्हर. डोक्याला हे पाच मिनिटांत कळतं, बोटांना कळायला महिने लागतात. सासवडजवळच्या एका माळावर, मुरमाच्या उतारावर माझं पुढचं चाक जरासं सरकलं आणि मी डावा लिव्हर गच्च आवळला. पहिल्या गिअरमध्ये इंजिननं चाक धरून ठेवलं होतं, ते सुटलं आणि गाडी सुसाट खाली निघाली. पडताना हात टेकला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर.

तेव्हा आधी कुणाची तरी जुनी स्प्लेंडर मागून घ्या. तिची सीट 785 मिमी, वजन 112 किलो. एक्सपल्सची सीट 825 मिमी आणि वजन दीडशेच्या वर. सपाट मैदानात महिनाभर एवढंच करा : पहिला गिअर, रेस न देता क्लच हळूहळू सोडायचा, गाडी माणसाच्या चालीनं चालवायची, थांबताना उजव्या पायानं ब्रेक. कंटाळा येईल. येऊ द्या. बोटं तेव्हाच शिकतात. लायसन्सवर विना गिअरची नोंद असेल, तर रस्त्यावर येण्याआधी गिअरचं काढून घ्या.

मातीत उतराल तेव्हा दुसरी सवय आडवी येईल. गाडी डुलली की आपण स्कूटरवाल्या चटकन पाय खाली टाकतो. मुरमात टाकलेला पाय दगडात अडकतो आणि गुडघा पिळवटतो. फुटरेस्टवर उभं राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं बाहेर, नजर चाकापुढं दहा-पंधरा पावलं. पाय वरच.

हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट, गुडघ्याचे गार्ड पहिल्या दिवसापासून हवेत. पाळी थांबली असेल तर हाडांची घनता एकदा तपासून घ्या. मुलाच्या काळजीत खरं असलेलं तेवढंच आहे.

आणि पुतण्याला सांगा, एक्सपल्सवर बसवायच्या आधी ती माझ्यासमोर आडवी टाक, मी उचलून बघते. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, उजवीकडे आडवी करणार असाल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवलेलं. गाडीकडे पाठ करा, कंबर सीटला टेकवा, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागचं कॅरिअर. गुडघे वाकवा, पाठ ताठ, आणि मागं मागं छोटी पावलं टाकत पायांच्या जोरावर ढकला. हातांनी ओढायचं नाही. मला चौथ्या खेपेला जमलं, आणि त्यानंतरच मी माळावर एकटी जायला लागले.