एकाच माणसाचा क्रेडिट स्कोअर दोन एजन्सींकडे वेगवेगळा का येतो?

कारण या एजन्सी म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवून त्यावरून स्कोअर काढणाऱ्या कंपन्या, आणि दोघींकडे तुमची माहिती सारखी नसते आणि गणित करायची पद्धतही एक नसते, म्हणून एकीकडे ७४० आणि दुसरीकडे ७०५ आला तर कोणीतरी चुकलंय असं नाही. कर्ज फेडायची कामं बघतो म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त घोळ तारखांचा असतो: बँक महिन्याच्या एखाद्या दिवशी डेटा पाठवते, एका एजन्सीकडे तो चढतो आणि दुसरीकडे अजून जुनंच दिसत असतं, त्यात तुम्ही नेमकं कार्डाचं मोठं बिल भरलेलं असेल तर पहिलीकडे बाकी शून्य आणि दुसरीकडे अख्खं बिल बाकी. शिवाय कर्ज देणारा सगळ्याच एजन्सींना माहिती पाठवतो असंही नाही, खूप देशांत ते त्याच्या मर्जीवर असतं. मग स्केल. अमेरिकेतल्या फायको (FICO) या कंपनीचा नेहमीचा स्कोअर ३०० ते ८५०, पण त्याच कंपनीचा गाडीच्या कर्जासाठीचा २५० ते ९००, आणि भारतात ३०० ते ९००, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, कितीपैकी आहे ते आधी बघा.

फक्त एक, स्केल सारखं असून फरक शंभराच्या घरात असेल तर मात्र तारखांवर ढकलू नका, दोन्हीकडचे पूर्ण रिपोर्ट काढा आणि खातं-खातं जुळवा, बंद केलेलं कर्ज चालू दिसणं किंवा नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचंच कर्ज तुमच्या नावावर चढणं, हे होतं.