अभ्यासिकेतल्या मित्राचे टेस्टचे मार्क बघितले की खचायला होतं. तुलना करणं सोडून द्यावं का?

सुटणार नाही. ‘तुलनाच करू नका’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. मोजायला पक्की पट्टी नसली की माणूस आपल्यासारख्याच माणसाकडे बघून स्वतःला जोखतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्येच मांडलंय. राज्यसेवेचा निकाल लागायला वर्ष जातं, तोवर शेजारच्या खुर्चीवरचा मित्रच पट्टी होतो. त्याचं नेमकं काय बघायचं, एवढंच आपल्या हातात.

मार्क बघू नका. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा पेपर १ घ्या : १०० प्रश्न, २०० गुण, चुकीला अर्धा गुण वजा. मित्राने ८५ सोडवले, ५५ बरोबर, ३० चूक : ११० वजा १५, म्हणजे ९५. तुम्ही ७० सोडवले, ५२ बरोबर, १८ चूक : १०४ वजा ९, तेही ९५. मार्क सारखे, दुखणं वेगळं. त्याच्या जादा १५ प्रश्नांत ३ बरोबर नि १२ चूक. सहा गुण आले, सहा गेले. डोळे मिटून गोल भरले असते तरी तीन-चार बरोबर आले असते. त्याने तुक्के आवरायला हवेत, तुम्ही वाचन वाढवायला हवं. त्याचं बघून तुम्ही नुसता अटेम्प्ट वाढवलात, तर त्याचं दुखणं तुम्हाला लागेल.

त्यापेक्षा पेपर झाल्यावर दोघं समोरासमोर बसा. तुमचा चुकलेला आणि त्याचा बरोबर आलेला प्रत्येक प्रश्न काढा, विचारा, “हा पर्याय कसा उडवलास?” त्यातून पुस्तक तरी कळतं, नाहीतर पद्धत. मग ध्येय स्वतःच्या वहीतून ठरवा : ‘पॉलिटीत (राज्यघटना-राज्यव्यवस्थेत) दोन पर्यायांत अडकून गेलेले प्रश्न ६ होते, पुढच्या वेळी ३.’

क्लासवाले रँक बोर्डावर लावतात आणि “त्याने पोरं पळतात” म्हणतात. पळतात ती वरची दहा. खालच्याचं ध्येय ‘शेवटचं यायचं नाही’ एवढंच उरतं, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे टेस्टच न देणं. बोर्डावर न दिसणाऱ्या त्या पोरांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता, आयोगाचा कट-ऑफ इतरांच्या मार्कांवरच ठरतो, हेही खरंच. स्वतःचे ७० वरून ८० झाले म्हणून यादीत नाव येत नाही. त्यामुळे आपल्या प्रवर्गाचे मागचे तीन-चार कट-ऑफ सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा. सीसॅटला, म्हणजे पूर्वच्या पेपर २ ला, मात्र ३३ टक्क्यांची पात्रताच लागते. तिथे २०० पैकी ६६ गाठल्यावर मित्राला १४० पडले तरी तुमचं काही जात नाही.