आधी अंग, मग आवाज

पोरी,

काल हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाबाहेर तू विचारलंस, सर यूट्यूबवर एक जण पाच मिनिटं म्हणतो, दुसरा अर्धा तास म्हणतो, नक्की किती वॉर्मअप करायचा? मी गाडीला किक मारता मारता तुटक बोललो, सॉरी. पण मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. रंगीत तालीम आहे म्हणून दोन दिवस तू कुजबुजत बोलत होतीस, पर्समध्ये खडीसाखर आणि ज्येष्ठमध, आणि एंट्रीआधी विंगेत उभ्या उभ्या दोनदा आ आ केलंस आणि थेट किंकाळी! कुजबुजल्यानं आवाजाला आराम मिळतो हे कुणी सांगितलं तुला? उलट बऱ्याच जणांचा गळा त्यात जास्तच आवळतो. गप्प बसायचं तर सरळ गप्प बस की.

आधी अंग, मग आवाज. चाळीसदा सांगून झालंय, आता लिहून देतो. स्वरयंत्र मानेतल्या स्नायूंवर टांगलेलं असतं, मान आखडली, जबडा घट्ट, खांदे कानाला लागलेले असले की ते वर ओढलं जातं, मग कितीही सा लाव, चिरकंच निघणार. म्हणून पहिली दहा मिनिटं तोंडातून शब्द नको. चाल, जागच्या जागी हलकं पळ, खांदे फिरव, जबडा हातानं चोळून सैल सोड, बरगड्या बाजूला फुलतायत का हात ठेवून बघ. घाम यायला लागला की मग हुंकार, तोही खालच्या पट्टीत. ओठ फुरफुरव घोड्यासारखे. ग्लासात दोन बोटं पाणी घेऊन स्ट्रॉतून ऊ म्हणत बुडबुडे काढ, हसतील पोरं, हसू दे, त्यानं तोंडात जो दाब तयार होतो तो स्वरतंतूंना एकमेकांवर जोरात आपटू देत नाही. मग काळे राळे गोरे राळे, आधी सावकाश. किंकाळी सगळ्यात शेवटी.

आणि पाणी सकाळपासून पी. घोट अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवर पडत नाही, विंगेत ऐनवेळी बाटली रिकामी करून फक्त बाथरूमला पळावं लागतं. सोलापूरचा उन्हाळा आहे हा, बेचाळीसच्या पुढं जातो पारा, वर एसीची कोरडी हवा.

मी तेवीसचा होतो तेव्हा स्पर्धेत मिल कामगार केला होता. दुसऱ्या घंटेपर्यंत बाहेर गाड्यावर भजी आणि चहा, तिसरी झाली तसा पळत आत आलो आणि एंट्रीलाच घोषणा ठोकली. तिसऱ्या शब्दाला आवाज फाटला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मस्ती होती ना अंगात, त्याच गळ्यावर महिनाभर पथनाट्यं केली. मग डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून दाखवलं, दोन्ही बाजूला गाठी. तुम्ही पोरं सरांचा आवाज कसला भारदस्त म्हणता, अगं तो खराब झालेला आवाज आहे!

म्हणून प्रयोगाआधी वॉर्मअप मोडू नये यासाठी मी मेकअप रूममध्ये बाहेरच्या कुणाला येऊ देत नाही. परवा तुझी आत्या गजरा घेऊन आली, तिला बाहेर काढलं म्हणून घरी बरंच बोलणं झालं म्हणे. होऊ दे. परत काढीन. लोक मला तिरसट म्हणतात, पुण्याला जमलं नाही म्हणून इथं पोरांवर राग काढतो असंही एक जण म्हणाला. पुण्याला मी गेलोच नाही, नोकरी होती, आई होती, आणि खरं तर गळाही नव्हता. जाऊ दे ते.

तर मिनिटं मोजू नकोस. थंडीत वीस लागतील, आत्ता बारात अंग सुटेल. पण आधी अंग, मग आवाज, हे उलटं केलंस तर मी पडदा उघडू देणार नाही, धमकी समज.

शनिवारी पाचला ये, साडेसातला पहिली घंटा आहे. आत्याला माझा नमस्कार सांग आणि गजरा प्रयोगानंतर आणायला सांग. स्ट्रॉ मी आणतो, तू विसरशील.