मानेवरचा तो काळपटपणा मळ नाही

टेक्सासहून लिहिणाऱ्या ताई, सप्रेम नमस्कार.

मुलाची मान काळपट पडलीय आणि रक्ततपासणीत साखर थोडी वाढलेली आलीय, काय करावं, असं विचारणारं तुमचं पत्र वाचलं आणि आमच्या सोलापूरच्या घरातली एक दुपार आठवली. सुट्टीला परदेशातून आलेला चौदा वर्षांचा भाचा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेला आणि मावशी हळद-बेसन लावून त्याची मान खसाखसा घासतेय. "तिकडं पाणी नाही का गं? मान बघ किती मळलीय पोराची!" कातडी लालबुंद झाली, काळं मात्र तसंच राहिलं. पोरगं मान खाली घालून मुकाट बसलं होतं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ती मखमलीसारखी जाडसर, काळपट त्वचा बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, वाढल्याची खूण असते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडत राहतं. वयात येताना हे थोडंफार सगळ्याच मुलांत होतं. त्यात पोटाची चरबी आणि घरातला मधुमेह जोडीला आला की साखर वर सरकते. आपली भारतीय मुलं दिसायला फार जाड नसली तरी पोटाचा घेर वाढलेला असू शकतो.

तुमच्या मुलाचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ५.९ आलंय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. इथून मागं फिरता येतं, म्हणून घाबरू नका. पण "वाढीचं वय आहे, होईल कमी" म्हणून सोडूनही देऊ नका. तपासणी पुन्हा करून खात्री करून घ्या. सोबत उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब बघायला सांगा. तेरा वर्षांपुढं रक्तदाब १२०/८० च्या खाली हवा. तुमच्या वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि गरोदरपणात तुम्हाला साखर होती, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा. फॉर्मवर बहुतेकदा त्या राहूनच जातात.

आजोबांच्या शुगरच्या गोळ्या किंवा कुणी सांगितलेला काढा त्याला देऊ नका.

आता खाण्याचं. तुम्ही विचारलंय, ज्वारीची भाकरी सुरू केली तर भागेल का? करा, जरूर करा. पण भाकरीतही पिष्ट आहेच; चार कडक भाकऱ्या आणि वाटीभर शेंगाचटणी हे पथ्य नव्हे. एक-दोन भाकऱ्या, भरपूर भाजी, घट्ट वरण किंवा अंडं, चटणी चमचाभर. सगळ्यात आधी घरात येणारे कोल्ड्रिंकचे कॅन बंद करा. एका कॅनमध्ये नऊ-दहा चमचे साखर असते. आणि बंद करायचे ते सगळ्यांसाठी. बापाच्या हातात कॅन आणि लेकराच्या हातात पाणी, असं चालत नाही.

रोज तासभर घाम येईल असा खेळ आणि आठ तासांहून कमी नाही अशी झोप हवी. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, तुमचाही.

वजनावरून टोमणा नको, भावंडांसमोर तर मुळीच नको. मे महिन्यात सोलापूरला येणार आहात. निघण्याआधी आजीला फोन करून मानेचं सगळं समजावून सांगा. "खात्यापित्या घरचं लेकरू" म्हणत ती ताटात तिसऱ्यांदा शिरा वाढेल, तेव्हा त्याला नाही म्हणता यायला हवं आणि तिलाही ते लागायला नको. हा फोन तुम्हीच करा, तो शाळेत असताना.