'बौद्ध धर्म' की 'बौद्ध तत्त्वज्ञान'?

प्रश्न असा आला आहे: 'बौद्ध धर्म' आणि 'बौद्ध तत्त्वज्ञान' हे दोन्ही प्रयोग सर्रास दिसतात, त्यांतला बरोबर कोणता? आणि देव मानला की धर्म, नाही मानला की तत्त्वज्ञान, असा हिशेब लावता येतो का?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण देवाची ही कसोटी आपल्याकडे पहिल्याच पायरीवर घसरते. न्याय ही तर्कावर भर देणारी विचारप्रणाली. तिच्यातल्या उदयनाचार्यांनी ईश्वर आहे हे सिद्ध करायला 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ लिहिला, तरी 'न्याय धर्म' असं कुणी म्हणत नाही. उलट पूर्वमीमांसा ही वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारी विचारप्रणाली. तिचं जगाचा कर्ता ईश्वर नसला तरी काही अडत नाही, आणि तिचं पहिलंच सूत्र आहे 'अथातो धर्मजिज्ञासा'. तिथे धर्म म्हणजे वेदाने सांगितलेलं कर्तव्य, मुख्यतः यज्ञयाग.

मग मराठी माणूस हे दोन शब्द वेगळे ठेवतो ते कशाच्या जोरावर? माझ्या मते सोबतची क्रियापदं बघावीत. धर्म पाळतात, आचरतात, स्वीकारतात, सोडतात. जुन्या बोलण्यात तो बुडतो आणि बाटतोही. तत्त्वज्ञान मांडतात, शिकतात, ते पटतं किंवा पटत नाही, कुणीतरी ते खोडून काढतं. तत्त्वज्ञान बाटल्याचं ऐकिवात नाही. माणसाने धर्म बदलला तर धर्मांतर. अद्वैत सोडून द्वैत पटलं तर फार तर मतपरिवर्तन. धर्म बदलला की लग्न कसं लागणार, मेल्यावर पुरणार की जाळणार, इथपर्यंत प्रश्न येतात. मत बदललं तर घरच्यांना पत्ताही लागत नाही. सांख्य आणि चार्वाक या विचारप्रणाली, म्हणून 'सांख्य धर्म' किंवा 'चार्वाक धर्म' कानाला खटकतं ते यामुळेच. सांख्य पद्धतीचं बारसं नसतं.

अर्थात धर्म हा शब्द याहून पुष्कळच पसरट आहे. शेजारधर्म, आपद्धर्म यांत कर्तव्य, गुणधर्मात स्वभाव, धर्मशाळा आणि धर्मादाय यांत दान. 'धर्म करता कर्म उभे राहते' ही म्हण परोपकार अंगाशी येण्याबद्दल आहे, पूजाअर्चेचा तिच्याशी संबंध नाही. टिळकांनी 'गीतारहस्या'त (1915) पारलौकिक कल्याणाचा मार्ग हा अर्थ एकीकडे आणि राजधर्म, कुलधर्म यांतला कर्तव्याचा अर्थ दुसरीकडे, अशी फोड केली आहे. आज फॉर्मवर 'धर्म' हा रकाना भरताना आपण पहिलाच अर्थ धरतो, तोही बराच आक्रसलेला.

तत्त्वज्ञानाचं उलटं झालं. न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात तत्त्वज्ञानाने निःश्रेयस, म्हणजे मोक्ष, मिळतं असं म्हटलं आहे. तिथे तो शब्द हाती आलेल्या ज्ञानाचा आहे, अभ्यासविषयाचा नाही. विचारप्रणालीला शब्द होता 'दर्शन'. हिंदीने तो दर्शनशास्त्रात ठेवला. मराठीत विषयाचं नाव तत्त्वज्ञान पडलं. आपल्याकडचं 'दर्शन' बहुधा पंढरपूरच्या रांगेत उभं राहिलं असावं. बोलण्यात तर तत्त्वज्ञानाची पत आणखी घसरली: 'उगाच तत्त्वज्ञान पाजळू नकोस!'

दर्शन आणि धर्म एकाच चित्रात बघायचे असतील तर ज्ञानेश्वरीचं गणेशवंदन काढा. सहा दर्शनं हे गणपतीचे सहा हात, आणि त्यांचं आपसांत पटत नाही म्हणून हातांत आयुधं: 'म्हणौनि विसंवादे धरिती । आयुधे हातीं'. तर्क हा परशू, वेदांत हा मोदक. एका हातात मुळातच मोडलेला दात, तो 'बौद्धमतसंकेतु'. बघा, इथे 'बौद्धमत' आहे, वादात खंडन झालेलं मत. आणि शेवटचा हात अभयाचा, तो 'धर्मप्रतिष्ठा'. हा हात पूर्वमीमांसेचा मानतात. म्हणजे 'धर्म' हे नाव मिरवणारा हातसुद्धा दर्शनांच्याच रांगेत बसला आहे. धर्म एका खोलीत आणि तत्त्वज्ञान दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी ज्ञानदेवांच्या डोक्यात नव्हती.

आता बौद्धांकडे. नागार्जुनाचा शून्यवाद किंवा दिङ्नागाचा प्रमाणविचार (खरं ज्ञान कशाने मिळतं याचा विचार) यांबद्दल लिहीत असाल तर 'बौद्ध तत्त्वज्ञान' लिहा. त्रिशरण, पंचशील, वर्षावास (भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम), विहार हा विषय असेल तर 'बौद्ध धर्म'. दोन्ही प्रयोग बरोबर आहेत, फक्त अदलाबदल करू नये. 'बौद्ध हा धर्म नाहीच, ते फक्त तत्त्वज्ञान' हे वाक्य मात्र मला पटत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली ती एखादा सिद्धांत पटल्याची नोंद करायला नव्हे. बाबासाहेबांनी त्यांना 22 प्रतिज्ञा दिल्या, आणि त्या थेट रोजच्या वागण्याला हात घालतात. स्वतः बाबासाहेबांनी 'धम्म' हा पाली शब्द जाणूनबुजून वेगळा ठेवला: प्रचलित अर्थाचा धर्म ही व्यक्तीची खासगी बाब मानली जाते, धम्म मात्र सामाजिक, माणसामाणसांतल्या व्यवहाराचा. म्हणून त्या संदर्भात 'धम्मदीक्षा', 'धम्मचक्र प्रवर्तन' असंच लिहावं, 'धम्म'चं 'धर्म' करून शुद्धलेखन सुधारायला जाऊ नये.

सुधारायचंच असेल तर 'तत्वज्ञान' सुधारा. तत् आणि त्व मिळून तत्त्व होतं, त्यामुळे दोन त हवेत.